देव्हाऱ्यात वाळलेली सावली

ऐका वडदेवा, तुमची कहाणी. आटपाट नगर होतं. नगराच्या वेशीवर वड होता, वडाखाली विहीर होती, आल्यागेल्याला विसावा होता.

नगराला एक राणी होती. ज्येष्ठी पुनव आली. दासी म्हणाल्या, "राणीबाई, वड पुजायला चला." राणी म्हणाली, "उन्हात कोण जातं? फांदी तोडा, देव्हाऱ्यात आणा." राणीनं केलं ते नगरानं केलं. घरोघर फांदी आली, पुजली, वाळली, उकिरड्यावर गेली. पहिल्या वर्षी पाखरं गेली. दुसऱ्या वर्षी विहीर आटली. तिसऱ्या वर्षी सावली गेली, नुसतं खोड उरलं. राणीला त्याचं काय? तिच्या महालाला वाळ्याचे पडदे होते.

पुढं काय झालं? राणीची लेक चंद्रावळ पहिल्या बाळंतपणाला माहेरी निघाली. भर दुपारी वेशीशी आली. भोयांचे पाय पोळले, त्यांनी मेणा वडाखाली टेकला. वर पान नाही, खाली पाणी नाही. लेकीला घेरी आली. महालात निरोप गेला. राणी अनवाणी धावली. लेकीचं सुकलं तोंड पाहिलं. पदर धरला, पदर पुरेना. मग म्हणाली, "देवा, सावली दे रे!"

वड म्हणाला, "राणी, माझी सावली तुझ्या देव्हाऱ्यात वाळली. आता कुठून देऊं?"

राणी ढसाढसा रडली. तिथं जवळच एक कुंभारीण राहत होती. ती धावत आली. "राणीबाई, रडूं नका. लेकीला माझ्या दारी आणा." दारी येऊन पाहतात, तों कोवळा वड, गार सावली.

"हा कुठला गं?"

"तुमचाच, बाई. तुमच्या फांदीची डहाळी वाटेत पडली होती. वाळूं द्यायला जीव होईना. मातीत खोवली, भांड्यांचं धुवण घातलं."

कुंभारणीनं डेऱ्यातलं पाणी पाजलं. लेकीनं डोळे उघडले. दिवस कलला, लेक सुखरूप बाळंत झाली.

मग राणीनं वसा घेतला. "उतणार नाही, मातणार नाही, ओली डहाळी मोडणार नाही." पुनवेला वडापाशी चालत जावं. एक रोप लावावं, पाणी घालावं, उन्हाळ्यात तगवावं. सावली आपल्याला मिळेल का, हें विचारूं नये. वाटेनं कुणाची तरी लेक येत असते.

खोडाला पालवी फुटली, पाखरं परतली, विहिरीला पाझर आला. जशी राणीची लेक सावलीला पोचली, तशा तुमच्या आमच्या लेकी पोचोत. ही साठां पानांची कहाणी पांचा पानीं सुफळ संपूर्ण.