कोळशाला लाकडाचा नियम

कोळशाच्या खाणीजवळच्या एका गावात झिंगुजी नावाचा कुंभार राहत होता. हात मोठा गुणी, पण स्वभाव उतावळा. त्याच्या घरात भट्टीचा एकच नियम पिढ्यान्‌पिढ्या चालत आला होता: जाळ खाली बसला की लाकूड घालायचे. बाभळीचे सरपण चटकन पेटे, धडाडून जळे आणि लवकर विझायला येई. त्यामुळे हा नियम कधी चुकला नाही.

एका वर्षी सरपण मिळेना. उन्हाळ्याच्या बाजारासाठी घडवलेले सगळे रांजण भट्टीत रचून तयार होते. घराची वर्षाची भाकरी त्यांच्यावरच होती. झिंगुजीने खाणीवरून हलक्या प्रतीचा, दगडमातीने भरलेला कोळसा आणला. थोडी लाकडे पेटवून त्यांवर तो पसरला. लाकडे भुरकन जळून गेली. कोळसा मात्र नुसता धुमसत राहिला.

"आगच नाई, त रांजन भाजतीन कसे?" असे म्हणत झिंगुजीने आणखी कोळसा लोटला.

शेजारच्या सोमा लोहाराचा जन्म कोळशावर काम करण्यात गेला होता. तो म्हणाला, "झिंगुभाऊ, याले घाई चालत नाई. हा उशिरा पेटते, पन पेटला का कोनाच्या बापाले आयकत नाई. घातला तेवढा आधी धरू द्या."

पण पालथ्या घड्यावर पाणी! धूर दिसला की झिंगुजी कोळसा लोटी. बायको पार्बता हात धरायला आली, तर तिच्यावरच डाफरला.

दुपार कलली आणि तो सारा ढीग एकदम पेटला. भट्टी लालबुंद झाली. लाकूड असते तर ओढून काढता आले असते. हा निखाऱ्यांचा डोंगर कोण ओढणार? पाणी मारावे, तर रांजण तडकणार. झिंगुजी डोक्याला हात लावून बसला.

निवल्यावर त्याने भट्टी उघडली. अर्धी भट्टी राखेने आणि दगडांनी भरली होती. रांजण वाकून, वितळून एकमेकांना चिकटले होते. सगळ्यांचे जळके, वेडेवाकडे खंगर झाले होते. झिंगुजीला रडू फुटले.

"कोयसाच खोटा निंगाला," तो म्हणाला.

पार्बताने एक खंगर उचलून त्याच्यापुढे ठेवला.

"खोटा असता, त हे झालं असतं का जी? आच त्याच्यात लय होती. तुमी त्याले लाकूड समजले."



तात्पर्य: जो भडकत नाही त्याच्यात आच नाही असे समजू नये, आणि एकाची रीत दुसऱ्याला लावू नये.