मुक्कामी न राहणारे पाणी

एका राज्यात पाणी मुक्कामाला राहत नसे. सकाळी घागर भरावी, दिवसभर प्यावी, आणि सूर्य बुडाला की उरलेले पाणी काळे पडे, त्यात किडे वळवळू लागत. मग ते ओतून द्यावे, भांडे उपडे घालावे आणि उजाडताच पुन्हा नदीची वाट धरावी. नदी दोन कोस खाली. राजवाड्यात तेच, झोपडीतही तेच.

हा शाप होता. राजा मणिभानाच्या आजोबांच्या वेळी एक तहानलेला वाटसरू राजवाड्याच्या दाराशी आला. आत शंभर रांजण भरलेले होते, तरी राजाने सांगून पाठवले की घरात पाणी नाही. तो वाटसरू म्हणजे मांत्रिक वज्रजिव्ह. त्याने उंबऱ्यावर काठी आपटली आणि म्हटले, "नाही म्हणालास, तर यापुढे नसेलच." तेव्हापासून तीन पिढ्या लोटल्या.

लोकांना सवय झाली होती. पण सवयीने शीण जात नाही. त्या राज्यातल्या बायका उभ्याने जेवत आणि चालता चालता डुलकी घेत. नदी निर्मळ असे तोवर दिवस ढकलले जात. पूर आला की मात्र पाणी चिखलाचे होई, त्यातून मेलेली गुरे वाहत येत, आणि घरात साठवलेला एक थेंबही नसे. लोक तेच पाणी पीत. पूर ओसरला की पाठोपाठ साथ येई आणि घरटी एक माणूस घेऊन जाई.

राजवाड्यात पाणी भरणारी भिवरा नावाची एक बाई होती. चाळीस वर्षे ती नदीची वाट तुडवत होती. मागच्या पुरात तिची नऊ वर्षांची मुलगी कमळजा गेली. मुलगी पाणी मागत होती आणि भिवरेने तिला पुराचेच पाणी पाजले होते, कारण दुसरे नव्हते. त्याला दहा वर्षे झाली. भिवरेने त्यावर कधी कुणापाशी शब्द काढला नाही. ती पाणी भरत राहिली.

एका वैशाखात एक टिटवी राजाच्या सदरेवर येऊन बसली.

"राजा," ती म्हणाली, "दर साली मी वाळूत अंडी घालते. यंदा तुझ्या नगराच्या तटावर घातली आहेत. इतके पाणी येणार आहे."

राजा मणिभान म्हातारा होता. त्याने दोन पूर पाहिले होते, तिसरा पाहण्याची ताकद त्याच्यात नव्हती. त्याने विचारले की शाप फिटण्यास काही उपाय आहे काय. टिटवीने सांगितले, की सात डोंगरांपलीकडे वज्रजिव्ह अजून जिवंत आहे. तो तीन कामे सांगतो. ती जो करील त्याच्या हातून शाप फिटेल.

थोरला राजपुत्र घोड्यावर बसून गेला, तो परतला नाही. मग धाकटा गेला. तोही परतला नाही. आषाढ जवळ आला. तेव्हा भिवरेने खांद्यावरची घागर सदरेवर उतरवली आणि मी जाते म्हणाली.

"बाई, तू दमलेली आहेस," राजा म्हणाला.

"होय महाराज. पण चालण्याची मला सवय आहे."

टिटवी वाट दाखवत पुढे उडाली. भिवरेने सात डोंगर ओलांडले. शेवटच्या डोंगरात गुहा होती आणि गुहेच्या तोंडाशी वज्रजिव्ह बसला होता. त्याचे ओठ भेगाळलेले होते, जीभ लाकडासारखी वाळली होती. ज्या दिवशी शाप दिला त्या दिवसापासून त्याच्याही घशाखाली उतरलेले पाणी टिकत नव्हते. त्याच्या उजव्या हाताला दोन दगड होते, राजपुत्रांच्या उंचीचे.

त्याने भिवरेला पहिले काम सांगितले: आतल्या खजिन्यातून पाणी राहील असे भांडे निवडून आण.

आत सोन्याचे कुंभ होते, रुप्याचे हंडे होते, पाचूचे झाकण असलेले घडे होते. थोरल्या राजपुत्राने त्यांतला सर्वांत मोठा सोन्याचा कुंभ बाहेर आणला होता आणि तिथेच तो स्वतः दगड झाला होता. भिवरेने कशालाही हात लावला नाही. ती एकेका भांड्यापाशी थांबून विचारू लागली, तुझ्यात आधी काय होते?

सोन्याचा कुंभ म्हणाला, "विष. पण मला सात वेळा धुतले आहे."

रुप्याचा हंडा म्हणाला, "दिव्याचे तेल."

पाचूच्या झाकणाचा घडा म्हणाला, "केस काळे करण्याचा लेप."

कोपऱ्यात तांब्याचा एक हंडा पडला होता, हिरवट, धुळीने भरलेला. त्याला घट्ट बसणारे झाकण होते. तो म्हणाला, "पाणीच. दुसरे काही कधी नाही." भिवरेने तो बाहेर आणला, चिंचेने आणि राखेने घासला, आतून हात फिरवून पाहिला, पुन्हा घासला. वज्रजिव्हाने मान डोलावली.

दुसरे काम असे होते: समोरच्या डबक्यातले पाणी पिण्याजोगे कर. भिवरेने डबक्यातले पाणी काढून स्थिर ठेवले, गाळ खाली बसू दिला, वरचे पाणी लुगड्याच्या चौपदरी पदरातून गाळले आणि गुहेपुढच्या चुलीवर चढवले. पण त्या चुलीतला अग्नी लाकूड खात नसे. तो शीण खात असे. धाकटा राजपुत्र इथवर पोहोचला होता, पण तो ताज्या दमाचा होता. त्याच्याजवळ घालायला काही नव्हते, म्हणून चूल विझली आणि तो दगड झाला.

भिवरा चुलीपुढे बसली आणि तिने आपल्या खेपा सांगायला सुरुवात केली. पाय भाजणाऱ्या चैत्रातल्या खेपा सांगितल्या, पोटुशी असतानाच्या सांगितल्या, ताप अंगात घेऊन केलेल्या सांगितल्या. एक खेप सांगितली की ज्वाळा बोटभर वर चढे. कमळजेला अग्नी देऊन आल्यावर त्याच दिवशी केलेली खेप तिने सांगितली तेव्हा पाण्याला खळखळून उकळी फुटली. ती थांबली नाही. पाणी चांगले उकळून होईपर्यंत सांगत राहिली आणि मग ते तांब्याच्या हंड्यात झाकून निवायला ठेवले.

वज्रजिव्हाने झाकण उचलून पाणी पाहिले. मग त्याने तिसरे काम सांगितले.

"तीन दिवस हे पाणी राख. मागणाऱ्याला नाही म्हणायचे नाही. आणि पाण्याला कुणाचे बोट लागू द्यायचे नाही. यातले एक जरी चुकले तरी तू दगड होशील."

भिवरेने हंडा सावलीत, उंच शिळेवर ठेवला. एका करवंटीला वेताचा हातभर दांडा बसवून पळी केली, ती उकळत्या पाण्यातून काढली आणि अडकवून ठेवली. पहिल्या दिवशी लंगडा लांडगा आला आणि त्याने पाणी मागितले. तिने पळीने काढून त्याला दगडाच्या खळग्यात ओतून दिले. सूर्य बुडाला. तिने झाकण उचलून पाहिले. पाणी काळे पडले नव्हते. तिला आनंद व्हायला हवा होता, पण ती इतकी थकली होती की तिने फक्त झाकण परत ठेवले.

दुसऱ्या दिवशी डोके नसलेला शिपाई आला. त्याने खुणेने मागितले आणि हंड्यात हात घालू लागला. भिवरेने त्याचा हात बाजूला केला आणि पळीने त्याच्या खांद्यांमध्ये ओतले. तो लवून निघून गेला.

तिसऱ्या दिवशी दुपारी कमळजा आली. तेच वय, तेच परकर-पोलके, ओठ कोरडे. "आई, पाणी," ती म्हणाली आणि टाचा उंचावून दोन्ही हातांनी हंड्यावरचे झाकण सरकवू लागली. तिचे हात पुराच्या चिखलाने माखलेले होते.

भिवरेला वाटले, घेऊ दे. इतकी वर्षे जिच्यासाठी जीव तुटला तिला अडवायचे कशाला. दगड होऊन तरी पडून राहता येईल. असे तिला खरोखर वाटले. मग तिने मुलीची मनगटे धरली.

"हात घालू नकोस, बाळ. मी देते."

तिने एक पळी ओतून ते हात धुतले. मग ओंजळ करायला लावली आणि एक एक पळी ओतत गेली. मुलगी पोट भरेपर्यंत प्याली.

"हे गोड आहे," कमळजा म्हणाली.

"होय," भिवरा म्हणाली. "तेव्हा माझ्याजवळ हे नव्हते."

"मला ठाऊक आहे," मुलगी म्हणाली, आणि ऊन सरकते तशी निघून गेली.

सूर्य बुडाला. वज्रजिव्ह उठून हंड्यापाशी आला आणि त्याने हात न लावता ओंजळ पुढे केली. भिवरेने त्यालाही पाजले. पाणी त्याच्या घशाखाली उतरले आणि तिथे राहिले. तो जमिनीवर बसला आणि रडला. दोन दगडांतून राजपुत्र जांभई देत बाहेर आले. शाप फिटला.

भिवरा परत आल्यावर राजाने तिला सदरेवर आपल्या शेजारी बसवले आणि ती सांगेल तशी दवंडी पिटवली. माणशी रोजची अर्धी कळशी, अशी पंधरा दिवसांची सोय प्रत्येक घरात असावी. तान्ह्याची आई, आजारी आणि म्हातारे यांच्यासाठी थोडे जास्त. ज्यात तेल, रंग किंवा औषध राहिले ते भांडे वापरू नये. पाणी गाळावे, उकळावे, झाकावे, उन्हात ठेवू नये, पळीनेच काढावे. अमावास्या आली की साठा झाडांना घालावा आणि ताजा भरावा. लोक कुरकुरले. इतके कष्ट कशाला, असे कितीजण म्हणाले. राजपुत्र दारोदार फिरून हंडे हुंगत होते.

आषाढात पूर आला. पाणी तटाच्या निम्म्यापर्यंत चढले आणि नऊ दिवस उतरले नाही. लोकांनी दारे लावून घेतली, पळीने मोजून पाणी प्यायले, शेजारी संपले तर भिंतीवरून दिले. दहाव्या दिवशी पूर ओसरला. राजाने घरोघर माणसे पाठवली. कुणी दगावले नव्हते. साथ आली नाही.

अकराव्या दिवशी उजाडताना बायका सवयीने घागरी घेऊन वेशीपर्यंत आल्या. तिथे आल्यावर त्यांच्या लक्षात आले, की घरी अजून पाणी आहे. काय करावे ते त्यांना कळेना. भिवरा वेशीच्या पायरीवर बसली होती. तिने सरकून जागा करून दिली. एकीने घागर खाली ठेवली, मग दुसरीने. त्या दिवशी त्या राज्यातल्या बायकांनी उगवता सूर्य प्रथमच बसून पाहिला.