सुभानाचा कोरडा दगड

फार वर्षं झाली त्याला. तांबवेढ्यावर तेव्हा बापूसाहेब जहागीरदारांचा अंमल होता, आणि बापूसाहेबांना घोड्यांचं भारी वेड. त्यांनी कुठंसं विलायतेतल्या एका पागेचं चित्र पाहिलं अन् झालं! हुबेहूब तश्शीच पागा हवी. पुढं एकच मोठा दरवाजा, त्यावर घड्याळाचा मनोरा, आत एकवीस घोड्यांचे एकवीस कप्पे. प्रत्येक घोड्याच्या तोंडासमोरच्या भिंतीत एक कमान. कमान कसली, नुसती शोभेची, दगडांनी बुजवलेली! आणि घोड्यांच्या डोक्यावर वैरणीचा लाकडी माळा.

काम सुभाना गवंड्याकडं आलं. असं म्हणतात, की त्यानं बसवलेल्या दगडांतून मुंगीलाही वाट मिळत नसे. पण नकाशातला माळा त्याला खटकला. आपल्याकडं वैरणीची गंजी गोठ्यापासून लांब रचतात. ओली वैरण दाबून भरली की आतल्या आत तापते अन् पेटते, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक.

तो हात जोडून म्हणाला, "सरकार, माळा नको. न्हाईतर मागनं आणखी दारं तरी काढू."

"नकाशाबाहेर बोटभर गेलास तर अंगठा उतरवीन," बापूसाहेब गरजले. "विलायतेतली माणसं काय खुळी आहेत?"

खुळी नव्हती हो! पण तिथलं ऊन निराळं, इथलं निराळं. हे मोठ्या माणसाला सांगायचं कुणी?

सुभानानं काम धरलं, पण त्याला घास गोड लागेना. शेवटी त्यानं एकवीसही कमानी कोरड्याच भरल्या. दगडावर दगड नुसता रचला, वरून चुन्याचा हात फिरवला. प्रत्येक कमानीत एक दगड असा, की तो ढकलला की सगळी भर खाली यावी.

हे ठाऊक होतं फक्त त्याच्या बायकोला, पारूला. ती म्हणाली, "अवं, अंगठा गेला तर थापी कशी धराल?"

"एकवीस जीव बांधलेलं असतील गं आत," तो म्हणाला.

पागा झाली. बापूसाहेब काठीनं एकेक कमान ठोकत निघाले. मागनं सुभाना एकेक ठोका मोजत होता. वीस कमानी निभावल्या. एकविसावी होती त्यांच्या लाडक्या लाखी घोडीची. तिथं त्यांनी हौसेनं जोरात ठोकलं, चुना निखळला आणि दगड हलला.

खरं सांगितलं असतं, तर उरलेल्या वीस कमानीही पक्क्या झाल्या असत्या. सुभाना म्हणाला, "चूक झाली सरकार. एवढ्या एकाच जागी चुना भरायचा राहिला."

त्याचा अंगठा गेला. लाखीची कमान चुना ओतून पक्की केली.

चैत्रात अवकाळी पाऊस पडला आणि भिजलेली वैरण तशीच माळ्यावर दाबून भरली. तेव्हापासून सुभाना घडीघडीला उठून वारा हुंगायचा. वैशाखात भर दुपारी धूर निघाला. बघता बघता जळता मनोरा दरवाजातच कोसळला. आत घोडे किंचाळत होते, अन् बाहेर गाव नुसतं ऊर बडवत होतं.

सुभाना धावत आला. असं म्हणतात, त्यानं एका कमानीला लाथ घातली आणि वीसच्या वीस कमानी एकदम उघडल्या. दावी तोडून वीस घोडे बाहेर आले. लाखी तेवढी आत राहिली.

बापूसाहेब भिंतीवर मुठी आपटत ओरडले, "सुभाना, एवढी उघड रे!"

"ही तुम्हीच पक्की केलीत, सरकार," सुभाना म्हणाला, आणि शेजारच्या कमानीतून आत शिरला. मागोमाग छप्पर बसलं.

राख निवल्यावर बघतात तो काय! लाखीची कमान सताड उघडी. खाली पडलेल्या प्रत्येक दगडावर चार बोटांचं रक्त. ना माणसाचं हाड, ना घोडीचं. टापांचे ठसे तेवढे डोंगराकडं गेलेले. पारूनं त्यातला एक दगड घरी नेला आणि तिनं कधीच कुंकू पुसलं नाही, असं म्हणतात.

आजही तांबवेढ्यात घर बांधा, गोठा बांधा, सिमेंटची इमारत का असेना, मिस्त्री एक दगड कोरडा सोडतोच. विसरला तर घरची बाई त्याला जेवायला वाढत नाही. कोरडा दगड बसला की मग तीच त्यावर हळदीचा हात उमटवते. अंगठा मुडपून, चारच बोटांचा.