दोन हजार पाचशे वीस धागे

ही कथा अनेक रूपांनी सांगितली जाते. कुठे ती फरशा बसवणाऱ्या गवंड्याची असते, कुठे दिवे मांडणाऱ्या पुजाऱ्याची. संख्या मात्र सर्व रूपांत एकच राहते. ती तशी का राहते, हे विणकरांच्या रूपात सर्वांत स्वच्छ दिसते. म्हणून तेच येथे दिले आहे.

नदीकाठच्या एका गावात एक विधवा विणकरीण राहत असे. ग्रामदेवीचे वस्त्र विणण्याचा मान तिच्या घराकडे होता. नवरा गेल्यावर धाकट्या दिराने त्या मानावर हक्क सांगितला. पंचांनी दोघांनाही माग लावायला सांगितले; ज्याचे वस्त्र बाद होईल त्याने आपला माग दुसऱ्याच्या स्वाधीन करावा, असे ठरले. विणकरणीचे पोट त्या मागावरच चाले.

रीत कडक होती. आधी ताणा, म्हणजे उभे धागे, मागावर चढवून त्याची पूजा व्हायची. त्यानंतर एकही धागा वाढवायचा वा काढायचा नाही. मगच पुजारी मडक्यातून चकती काढी. तिच्यावर दोनपासून दहापर्यंतचा एखादा आकडा असे. तितक्या धाग्यांची एकेक नक्षी शेजारी शेजारी बसवायची. काठाशी नक्षी तुटली की वस्त्र बाद.

देवळातून प्रत्येकाला अडीच हजार धागे मिळाले. दिराने ते तत्काळ चढवले. विणकरीण मात्र ओसरीवर बसून पुटपुटत राहिली. आठ घेतले की दोन आणि चार त्यात आलेच. नवात तीन आले. पाच आणि सात वेगळे घ्यायला हवेत. सहा आणि दहा मग आपोआप जुळतात. पाच सत्ते पस्तीस, पस्तिसाची आठपट दोनशे ऐंशी, त्याची नऊपट दोन हजार पाचशे वीस. दहापर्यंतच्या कोणत्याही आकड्याने भागा, बाकी उरत नाही. आणि असे करणारी याहून लहान संख्याच नाही. तिला त्या संख्येचे मोठे कौतुक वाटले. एवढी थोर, आणि एकाही पाहुण्याला दारातून परत पाठवत नाही.

वीस धागे कमी पडत होते. तिने आपल्या माहेरच्या लुगड्याचा काठ उसवून ते काढले आणि ताण्यात भरले.

ते पाहून दीर हसला. “वहिनी, अडीच हजार कसे भरल्या घरासारखे वाटतात. त्यांना वीस धाग्यांचं शेपूट कशाला?”

“भावोजी, तुमची संख्या बोलायला छान आहे. मला विणायला पुरी हवी.”

पूजा झाली. पुजाऱ्याने चकती काढली: सात.

दिराच्या तीनशे सत्तावन्न नक्ष्या बसल्या आणि काठाशी एक धागा उरला. एकच तर आहे, काढून टाकू, अशी त्याने विनवणी केली. पुजाऱ्याने नकारार्थी मान हलवली. विणकरणीची तीनशे साठावी नक्षी मात्र काठाला अखंड टेकली.

दुसऱ्या दिवशी दिराने आपला माग सोडवला आणि वहिनीच्या ओसरीत आणून ठेवला.

तात्पर्य: जी संख्या सर्वांना समान वाटा देते ती थोर, आणि तिच्यासाठी जो आपले पदरचे घालतो, त्याच्या हाती काम पुरे होते.