घोड्याआधी महाराज

"आमच्याआधी घोड्यानं लीद टाकायची नाही!" प्रचंडराव महाराज गरजले. "आठ दिवसांची मुदत! आठव्या सकाळी घोडा पहिला आला, तर या मोतद्दाराचा कडेलोट!"

मोतद्दार सटवाजीचा गुन्हा काय? सकाळी घोड्यानं लीद टाकली की घोडा निरोगी, म्हणून मोतद्दार त्याची पाठ थोपटतात. सटवाजी वीस वर्षं तेच करत आला होता. त्या दिवशीही तो मोठ्यानं म्हणाला, "शाब्बास रे माझ्या वाघा!" नेमकी तबेल्याच्या भिंतीपलीकडे महाराजांची शौचाची खोली! तिथे महाराज तासभर कुंथत बसलेले, सलग चौथा दिवस कोरडा. नोकर आपल्याला हिणवतो आहे, असं त्यांनी ठरवूनच टाकलं. जास्त विचार करायचे कष्ट ते घेत नसत.

सटवाजीची रवानगी कोठडीत झाली. त्याची लेक चांगुणा मात्र रडत बसली नाही. "घोड्याला हुकूम सोडनारा राजा! ह्याला शहाना म्हनायचं तरी कुनी?" ती फणकारली आणि तडक दरबारात जाऊन उभी राहिली.

"सरकार, घोड्याचं पोट बांधायचं औषध मला ठावं हाय."

"कोणतं?"

"तुमचा खुराक. सात येळा चाळलेल्या मैद्याच्या पुऱ्या, वर बासुंदी, पानी चार घोट आनि दिसभर गादीवर लोळन. मधून मधून राजवैद्य शास्त्रीबुवांचं भस्म. आजपासनं सारंगला ह्येच देते."

महाराज ताडकन उठले. सारंग घोड्यावर त्यांचा भारी जीव! "खबरदार! पोटशूळ उठून दोन दिवसांत मरेल तो!"

"व्हय सरकार. मुकं जनावर, मरंल. तुमी राजे, म्हनून तग धरलाय."

राजवैद्य गंभीरशास्त्री लाल झाले. दोन वर्षं त्यांनी महाराजांना सुवर्णभस्म चाटवलं होतं. गुण आला होता तो फक्त शास्त्रीबुवांच्या घराला, त्यावर तिसरा मजला चढला होता. "मोतद्दाराची पोर आम्हाला वैद्यकी शिकवणार?"

"घोडा तर थांबनार न्हाई," चांगुणा महाराजांनाच म्हणाली. "मग सरकारांनी पुढं जावं. आठ दिस मुदपाकखाना माझ्या हाती द्या."

महाराज हट्टी होते. वैद्याकडून हरणं त्यांना चालत होतं, घोड्याकडून नाही. "दिला!"

मुदपाकखान्यात पाऊल टाकलं आणि चांगुणेनं कपाळावर हात मारला. राजघराण्याची रीत अशी की जाडंभरडं खाणं कमीपणाचं. पीठ सात वेळा चाळायचं आणि कोंडा तबेल्यात पाठवायचा. पालेभाजी नोकरांना. पोटाला मानवणारं सगळं घोडा नि नोकर खात होते आणि महाराज नुसती प्रतिष्ठा पचवत होते! त्याहून थोर दुसरी रीत. महाराज शौचाला बसले की बाहेर चौघडा झडायचा, बारा मानकरी दाराशी रांगेत उभे राहायचे आणि शास्त्रीबुवा घटकेघटकेला विचारायचे, "काही खबर?"

"बारा जनांनी दाराला कान लावल्यावर घोड्याचंबी अडंल!" म्हणत चांगुणेनं सगळ्यांना हाकललं.

पहिल्या दिवशी तिनं कोंड्यासकट पोळ्या केल्या. महाराजांचं पोट नगाऱ्यासारखं फुगलं! शास्त्रीबुवांनी टाळी वाजवली. चांगुणा मात्र बोटं मोजू लागली, बापाचे सातच दिवस उरले होते.

"चुकलं माझंच," ती म्हणाली. "मानसाचं पोट घोड्याइतकं शहानं नसतं. दमानं घ्याया पायजे."

मग तिनं कोंडा अगदी थोडा ठेवला. सकाळी भिजवलेल्या काळ्या मनुका, दुपारी पपई, संध्याकाळी कोमट पाण्यात कालवलेलं इसबगोल आणि वर तांब्याभर पाणी. पहाटे सारंगचा लगाम तिनं महाराजांच्याच हातात दिला. "चला, टेकडीला फेरी!"

"आम्ही राजे की मोतद्दार?"

"मोतद्दारांची पोटं साफ असत्यात, सरकार!"

महाराज धापा टाकत, शिव्या देत चालले. पण चालले. न्याहारीनंतर रोज ठरल्या वेळी ते जाऊन बसू लागले. कुणी विचारत नव्हतं, त्यामुळे कुंथायचं कारणही उरलं नाही. पाचव्या दिवशी पोट हललं. पण घोडा अजून पुढेच होता.

आठवी सकाळ. तबेल्याच्या अंगणात दरबार जमला. सटवाजीला हात बांधून आणलं. भिंतीपलीकडे महाराज गेलेले, अलीकडे सारंग उभा. सगळे श्वास रोखून घोड्याकडे बघत होते, मोठमोठे सरदारसुद्धा! सारंगनं शेपूट उचललं. सटवाजीनं डोळे मिटले. चांगुणेनं पदर घट्ट मुठीत धरला.

तेवढ्यात भिंतीपलीकडून आवाज आला, "शाब्बास रे माझ्या वाघा!"

आवाज महाराजांचा होता! पाठोपाठ सारंगनं लीद टाकली. पण तो दुसरा आला होता.

महाराज हसत हसत बाहेर आले. स्वारी कितीतरी महिन्यांत इतकी हलकी दिसली नव्हती. शास्त्रीबुवा पुढे सरसावले. "आमच्या भस्माचा गुण जरा उशिरा आला, महाराज!"

"तुम्ही गप्प बसा!" महाराज म्हणाले. "सटवाजीला सोडा! आणि पोरी, तू माग काय हवं ते."

"मुदपाकखान्यातली पिठाची चाळन द्या, सरकार."

"चाळण? अगं वेडे, सोन्याचं कडं माग!"

"कडं तर घेनारच, सरकार. पन चाळन हितंच ऱ्हायली, तर म्हैन्याभरात माझा बा पुन्हा कोठडीत!"

महाराज पोट धरून हसले आणि हातातलं कडं काढून त्यांनी त्याच चाळणीत टाकलं.