वाकड्यात शिरणारी

सूतगिरणीचे चेअरमन जयवंतराव खुटाळे यांच्या वाकड्यात शिरायची तालुक्यात कुणाची टाप नव्हती. एकदा ते आपली नवी गाडी घेऊन तबस्सुम मुजावरच्या दुकानात आले. मागच्या फुगीर काचेला उन्हाची फिल्म लावायची होती.

सरळ फिल्म गोल काचेवर ठेवली की कडेला चुण्या पडतात. गरम हवेचा झोत मारला की ती आकसते आणि काचेच्या वळणात चपखल बसते. पण चेअरमनना तेवढा धीर कुठला. प्रत्येक चुणीवर बोट ठेवून ते सोबतच्या संचालकांना म्हणत होते, "बघा, हे हिचं काम."

शेवटी तबस्सुम कडाडली, "साहेब, बोट काढा, भाजेल."

चेअरमन लालबुंद झाले. "माझ्यावर तापतेस? माझ्या वाकड्यात शिरलीस तर उद्या हे दुकान इथं दिसणार नाही."

तबस्सुमने शेवटची चुणी दाबून बसवली. "साहेब, माझा धंदाच वाकड्यात शिरायचा. आणि तापल्याशिवाय तिथं शिरता येत नाही."

संचालकांना एकदमच खोकला आला.

"वाकडं कुणाला म्हणतेस?"

"काचेला. तुम्हाला कोण वाटलं?"

चेअरमन गाडीत जाऊन अगदी सरळ बसले.