वैद्यबुवांची चाळणी

एकदा एका वृद्ध वैद्यांच्या हातांना कंप सुटला. साधासुधा नव्हे; पेला ओठांपर्यंत येईतो निम्मं पाणी अंगावर सांडायचं. ज्या बोटांनी पंचक्रोशीची नाडी पाहिली, त्यांना रोग्याची नाडी कुठली आणि आपली थरथर कुठली, हेच उमगेना. त्यांचं वैद्यपणच पणाला लागलं म्हणा ना!

त्यांचा शिष्य मोठा भाविक. गुरुजींनी खलाला हात लावला की हा तो काढून घेई आणि म्हणे, "तुम्ही स्वस्थ बसा." गुरुजी बसत. बसून बसून त्यांचा चेहरा उतरला, जेवण तुटलं. इतकी सेवा करतोय तरी हे सुकतात का, हे कोडं काही शिष्याला सुटेना.

एके सकाळी एक म्हातारा वाणी गुडघे धरून, कण्हत आला. दुखणं लागल्यापासून दुकान मुलावर टाकून त्याने खाट धरली होती. वैद्य शिष्याला म्हणाले, "नाडी तू बघ. मला ती चूर्णाची चाळणी दे."

शिष्य चपापला. रोग्यासमोर गुरुजींनी चाळत बसायचं? पण त्याने निमूट दिली. वैद्यांनी ती दोन्ही हातांत धरली मात्र, चूर्ण झरझर खाली उतरू लागलं.

वाणी कण्हायचं विसरला. "अहो वैद्यबुवा, एवढे मोठे तुम्ही, आणि हे गड्याचं काम?"

"शेटजी, नाडी बघणं सुटलं तेव्हा मी रडलो, खोटं कशाला सांगू? औषध चालू आहे, पण हा कंप जाणारा नाही. मग म्हटलं, न थांबणाऱ्या हाताजोगतं एकही काम जगात नसेल का? पाहिलं, तर घरातच निघालं. दुखणं काय करू देत नाही, ते न विचारता सांगतं. काय करू देतं, ते मात्र त्याला खोदून खोदून विचारावं लागतं." मग ते शिष्याकडे वळले. "बाळ, तू कामं काढून घेतलीस ती मायेनं. पण रिकाम्या हाताला थरथरण्यावाचून दुसरं उरतं काय?"

शिष्याचे डोळे भरून आले.

वाण्याने आपल्या गुडघ्यांकडे पाहिलं. मग हळूच म्हणाला, "या चूर्णाच्या पुड्या कोण बांधतं?"

"मीच," शिष्य म्हणाला. "पण त्या सुटतात."

"सुटणारच! अरे, पुडी बांधणं म्हणजे काय खायचं काम आहे? आण इकडे कागद."

मांडी घालता येईना, म्हणून तो पाय पसरून बसला. दुपारी मुलगा गाडी घेऊन न्यायला आला, तेव्हा वाण्याने मानसुद्धा वर केली नाही. "थांब जरा," तो म्हणाला, "कामात आहे मी."